गुंतवळाचा डबा

३ फेब्रुवारी २००५, गुरुवार

केसांवर भांडी देणारी बाई आज आली. टोपली उतरवली, पाणी मागितलं, मग बसली भाव करायला. मी देवळीतला गुंतवळाचा डबा तिच्यापुढे उपडा केला. विंचरताना फणीत येतील ते केस बोटाला गुंडाळून त्यात टाकायचे — ही माझ्या आईची सवय. मीच मंजूला लावली.

एरवी चहाची गाळणी, नाहीतर दोन चमचे मिळतात. आज तिने झाकणाचा स्टीलचा डबा काढून दिला! स्वतःहून! मी खूश. म्हटलं, पोह्यांना होईल.

ती केस हातात घेऊन बघत राहिली. "औंदा लय निघाले बाई. घरात कोन आजारी हाय का?"

"नाही गं. आम्ही तिघंच. सगळी धडधाकट."

"मंग तरण्या पोरीचे हायेत हे. बारीक, अन् पार मुळापासनं."

गेली ती. डबा घासून, पुसून ठेवला. पोहे काही भरवेनात.

५ फेब्रुवारी, शनिवार

मंजू न्हाऊन ओट्यावर उन्हात बसली होती. तेल लावते म्हणून मागे जाऊन उभी राहिले. केस बाजूला केले आणि हातच थांबला.

भांग बोटभर रुंद! दोन्हीकडून कातडी दिसते. माथ्यावर तर रोपं मेलेला वाफा असावा तसं. मी आई — एका घरात राहते — आणि मला एका भांडीवालीने सांगायचं!

तिने चटकन टॉवेल ओढला.

"कधीपासून गं?"

"दिवाळीपासून. त्याच्या आधीपासून थोडं थोडं."

"मला सांगायचं नाही?"

"सांगून काय केलं असतंस? अजून एक उपास धरायला लावला असतास."

एवढं बोलून आत गेली. पतसंस्थेत नोकरीला लागल्यापासून कमी बोलते, पण बोलते ते असं.

सोळा सोमवार मीच धरायला लावले, हे खरं. पहिले सोळा गेल्या श्रावणापासून. ते झाले तरी स्थळ आलं नाही, म्हणून संक्रांतीच्या आधी पुन्हा धरले. शिवाय चतुर्थी. शिवाय देवीचा मंगळवार. चांगल्या घरी पडावी म्हणूनच ना? तेवीस पूर्ण झाली.

८ फेब्रुवारी

कांद्याचा रस, कोरफड, जास्वंद. शेजारच्या लंकाबाईने सांगितलं तसं सगळं मंजूच्या डोक्याला चोळलं. हे बाजारातून फुलं देऊन आले, दारातच नाक वर केलं. "भेळ केली का आज?"

यांना अजून सांगितलेलं नाही.

१० फेब्रुवारी, गुरुवार

सकाळीच कुसाबाई वन्सं आल्या, स्थळ घेऊनच. चांदवडचं. मुलगा शेखर, बाजार समितीत कायम नोकरी, घरचं कांद्याचं रान, एकुलता एक. रविवारी बघायला येतात म्हणे.

माझ्या तोंडून निघून गेलं, "वन्सं, मंजूचे केस—" आणि मी तिला हाक मारून डोकं दाखवलं.

वन्सं उठल्या, दार लोटलं. "दादाला बोललीस?"

"नाही."

"मग बोलूही नकोस. असं स्थळ पुन्हा येत नाही, वहिनी. बाकी मी बघते."

संध्याकाळी पुन्हा आल्या. पिशवीत गंगावन! चांगलं लांब, काळंभोर. भद्रकालीच्या बाजारातून आणलं. हातात धरलं आणि मनात आलं — हे कोणाच्या तरी घरच्या डब्यातलंच गुंतवळ. मी केस देऊन डबा घेतला. आता पैसे देऊन केस घेतले.

१३ फेब्रुवारी, रविवार

झालं एकदाचं.

सकाळी यांनी मळ्यातून ताजी शेवंती आणली. "वेणी कर पोरीला, फुलवाल्याची लेक आहे, दिसू दे." मी वेणी गुंफली. पण माळायला गेले तर गंगावनच खाली सरकायला लागलं. दोनदा पिना लावल्या. तिसऱ्यांदा मंजू कळवळली. तिच्या उरलेल्या केसांना ते ओझं धरवत नव्हतं. वेणी काढली, देवीला वाहिली. यांना म्हटलं, फुलांनी तिचं डोकं दुखतं.

पाहुणे आले. मुलाचे वडील सावळीराम गरीब वाटले, आई आक्काबाई मोठ्या करड्या. पोहे झाले. मंजू बशा उचलायला वळली तशी आक्काबाईंची नजर पाठीवरून खालपर्यंत गेली.

"केस चांगले आहेत हो पोरीचे."

वन्सं लगेच, "आमच्या घरातल्या सगळ्या बायांचे तसेच! आमच्या आईचे तर गुडघ्यापर्यंत."

"आमच्याकडे हळदीच्या दिवशी नवरीला आम्हीच न्हाऊ घालतो," आक्काबाई म्हणाल्या. "नवऱ्याकडच्या पाच जणी. केस सोडायचे, शिकेकाई लावायची, उष्टी हळद धुवायची. आमची रीत आहे. जड जातं एकेकीचे केस धुताना."

हसल्या. आम्ही सगळ्या हसलो.

मुलाने एकच विचारलं, पतसंस्था किती वाजता सुटते म्हणून. मंजू म्हणाली, साडेपाचला. तेवढंच बोलणं.

१४ फेब्रुवारी, सोमवार

त्यांचा होकार आला. लग्न वैशाखात, मे अखेर. यांनी देवापुढे साखर ठेवली. मंजूचा उपास, तिने चिमूट कपाळाला लावून परत ठेवली.

म्हणजे व्रत फळलं. मग मला असं चोराच्या घरात बसल्यासारखं का वाटतंय?

१७ फेब्रुवारी

आज यांना सांगितलं. सांगणं भाग होतं, हळदीपर्यंत झाकणार कसं?

आधी माझ्यावर ओरडले. मग वन्संवर. मग चपला घालून मळ्यात गेले. परत आले ते ठरवूनच. "आता शब्द दिलाय. मोडला तर पोरीवर कायमचा शिक्का. पुन्हा कोण दारात येईल? उपाय काढा."

२० फेब्रुवारी, रविवार

वन्संचा पहिला उपाय — "तिरुपतीला नेऊ. केस वाहू. नवस होता म्हणून सांगू. देवाच्या नावाला कोण बोलणार?"

देवाच्या नावावर खोटं! आणि लग्नात नवरी मुंडण केलेली? मी कानावर हात ठेवले.

दुसरा उपाय पेपरात सापडला. जाहिरात. डोक्यावर केस लावून देतात. आधी माळरान, नंतर रान, असे दोन फोटो. दोन्ही पुरुषाचे. 'कोणत्याही वयात.' हे चष्मा लावून दोनदा वाचत बसले.

२३ फेब्रुवारी, बुधवार

त्या दवाखान्यात जाऊन आलो. काचेचं दार, गार हवा, मऊ खुर्च्या. डॉक्टर मुंबईचे, महिन्यातून दोनदा येतात म्हणे. आज ते नव्हते. टाय लावलेला एक मुलगा होता. त्याने मंजूचं डोकं लांबूनच बघितलं.

"होऊन जाईल. मागचे काढायचे, पुढे लावायचे. एका दिवसाचं काम. सकाळी या, संध्याकाळी घरी."

मी विचारलं, "वय लहान नाही ना हो?"

"उलट लवकर केलेलं बरं, काकू."

"आणि मे महिन्यापर्यंत दिसतील?"

"एकदम नॅचरल."

विचारलं एक, उत्तर भलतंच! पण हे मान हलवत होते. आकडा ऐकला तेव्हा मी पदराचं टोक घट्ट धरलं. तो इथे लिहीत नाही. मंजूच्या पाटल्यांना ठेवलेलं सगळं त्यात जातं, एवढंच.

परत येताना मंजू रिक्षात म्हणाली, "आई, डोक्याला किती भोकं पाडतात, विचारलंस?"

नाही विचारलं.

२८ फेब्रुवारी, सोमवार

मंजू पतसंस्थेत चक्कर येऊन पडली. सोडायला आलेली मैत्रीण दारातून मला म्हणाली, "काकू, हिला खायला घाला हो काहीतरी." मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. संध्याकाळी पूजा करून चुरम्याचा लाडू दिला. अर्धा खाल्ला.

२ मार्च, बुधवार

यांना न सांगता मंजूला घेऊन शरणपूर रोडला गेले. केसांच्या आणि कातडीच्या डॉक्टरीण आहेत, वयाने माझ्यापेक्षा मोठ्या. साधं लाकडी बाक. इथे डॉक्टर स्वतः भेटल्या, आणि भिंग घेऊन माथा, कानामागे, मानेवर, सगळीकडे बघितलं. काही बोलण्याआधी वीस गोष्टी विचारल्या. पाळी, झोप, जेवण, उपास.

"वय?"

"तेवीस."

"फार लवकर. गळणं अजून चालू आहे. ते कुठे जाऊन थांबतं हेच माहीत नाही, तर लावायचं कुठे? आज इथे लावले आणि उद्या शेजारचे गेले, तर मध्येच बेट उरेल."

मग म्हणाल्या, "आणि दुसरं. पुरुषांचे पुढचे जातात, मागचे टिकतात. टिकणारे काढून पुढे लावता येतात. हिचे मागचेही बारीक झालेत. तुमचा फुलांचा मळा ना? रोगट वाफ्यातली रोपं काढून दुसरीकडे लावाल?"

नाही लावणार. कोण लावेल?

"पण बाई, मेमध्ये लग्न आहे."

"आज केलं तरी लावलेले आधी गळतात. मग उगवायला लागतात. नीट दिसायला पुढची संक्रांत येईल."

म्हणजे हळदीला काहीच दिसणार नाही! उलट डोक्यावर खपल्या!

मला दुसरं काही सुचेना. म्हटलं, "मग माझे घ्या ना. माझे काढून हिला लावा. मला काय करायचेत आता?"

हसतील वाटलं होतं. हसल्या नाहीत. "दुसऱ्याचे अंगाला लागत नाहीत हो. आईचे पण नाही." आणि मग, "बघू तुमचे. पदर काढा."

मी थबकले. पंचवीस वर्षं डोक्यावरचा पदर न्हाणीशिवाय कुठे खाली आलेला नाही. आंबाडा न बघता घालते, सवयीने. भांगात कुंकू भरताना आरशात दिसतं ते कपाळापुरतं. बाईंनी मागून दुसरा आरसा धरला.

तो माझा माथा नव्हेच असं वाटलं. भांग कुठला — बैलगाडीची पांदच ती! चकचकीत. मंजूही बघत होती. तिची नजर आरशातून माझ्यावर, मग स्वतःवर.

"हे तुमच्याकडून गेलंय तिला," बाई म्हणाल्या. "पण तेविसाव्या वर्षी इतकं नसतं जात. रक्त तपासून आणा."

डब्यातलं गुंतवळ दोघींचं होतं तर.

४ मार्च, शुक्रवार

रक्त साडेसात. बारा पाहिजे होतं म्हणे.

डॉक्टरीणबाईंनी कागद बघितला, मग माझ्याकडे. "ही जेवते का हो घरी?"

मी घरचं अन्न रोज आधी देवाला दाखवते. पाहुण्याला उपाशी कधी जाऊ दिलं नाही. आणि मला कोणी हे विचारावं!

गोळ्या दिल्या. पालेभाजी, कडधान्य, गूळ-शेंगदाणे, आणि दोन वेळचं पोटभर. उपास बंद. रक्त भरलं की काही केस परत येतील, काही येणार नाहीत. वर्षभर औषध, मग बघू. "कदाचित तेव्हा लावायची गरजच पडणार नाही. कदाचित कधीच लावता येणार नाहीत. आज मी हो म्हणाले तर ते पैशासाठी होईल."

फी घेतली ती त्या काचेच्या दाराच्या नुसत्या केसपेपराहून कमी.

५ मार्च

यांना सगळं सांगितलं. वन्संही होत्या.

वन्सं म्हणाल्या, "त्या बाईला येत नसेल ते काम. म्हणून नाही म्हणते."

"पण मेपर्यंत उगवत नाहीत, वन्सं! मग करायचं कशाला?"

"निदान सांगता तरी येईल ना, डोक्याला ऑपरेशन झालंय, पाणी लावायचं नाही. न्हाणं टळलं की झालं! एकदा सासरी गेली की डोक्यावर पदर. चांदवडला सुना डोकं उघडं टाकत नाहीत. कोण बघतंय?"

मी बघतच राहिले. म्हणजे केसांसाठी नाही — न्हाणं चुकवण्यासाठी पोरीचं डोकं कोरायचं! आणि हे म्हणाले, "कुसा म्हणते त्यात तथ्य आहे."

मंजू दारात उभी होती. "म्हणजे जन्मभर पदर?" एवढंच म्हणाली.

वन्सं म्हणाल्या, "तुझ्या आईने नाही घेतला? काय वाईट झालं तिचं?"

माझा हात आपोआप पदराकडे गेला.

८ मार्च, महाशिवरात्र

मंजूला म्हटलं, आजच्या दिवस दूध-फळं घे, सोमवारचं बघू. गुरुजींना विचारलं होतं, व्रत मध्येच सोडलं तर? म्हणाले, उद्यापनाशिवाय मोडू नये, कन्येच्या सौभाग्याला बाधा. डॉक्टर म्हणतात मोडा. देव एका बाजूला, रक्त एका बाजूला.

गोळी मात्र रोज माझ्या समोर घेते. सोमवारची गोळी उपाशीपोटी मळमळते तिला.

१६ मार्च, बुधवार

यांनी त्या दवाखान्यात पैसे भरले. अर्धे. तारीख मिळाली २० एप्रिल. मला येऊन पावती दाखवली, जशी काही लेकीला सोन्याची बोरमाळ केली. यांचाही जीव तुटतो पोरीसाठी, मला माहीत आहे. रात्रंदिवस एकच घोकतात — शब्द दिलाय, शब्द दिलाय.

मी नाही म्हणाले. पहिल्यांदाच म्हणाले.

"मग जा आणि तू सांग चांदवडला," हे म्हणाले. "आहे हिंमत?"

२४ मार्च

गेले होते. लंकाबाईंबरोबर, चांदवडच्या रेणुकादेवीला ओटी भरायची म्हणून. आक्काबाईंना निरोप धाडला होता, त्या देवळात भेटल्या. मी वाटेत एसटीत सगळं पाठ केलं होतं. विहीणबाई, एक सांगायचंय, असं सुरू करायचं.

"विहीणबाई," मी म्हटलं.

"बोला ना."

"यंदा कांद्याला भाव कसा आहे?"

लंकाबाई माझ्याकडे बघतच राहिल्या! आक्काबाईंनी कांद्याचं सगळं सांगितलं, चाळ भरली ते, पावसाने भिजला ते. मी हं हं करत होते. देवीच्या डोळ्याला डोळा देववला नाही.

११ एप्रिल, सोमवार

पाडवा झाला. गुढीला यंदा आमच्याच मळ्यातला झेंडू. आज मंजूचा चौदावा. डोळे खोल गेलेत. नऊ दिवस उरले त्या तारखेला. स्वयंपाक करते, पूजा करते, फुलांचे हार मोजून देते, आणि सगळा वेळ छातीवर पाटा ठेवल्यासारखं. कुठूनही निघावं तर वाट पुन्हा घरातच येते.

रजा टाकून दुपारी ती झोपली होती तेव्हा उशीवरचे केस वेचले. डब्यात टाकले नाहीत. चुलीत घातले.

१७ एप्रिल, रविवार

आजचं सगळं लिहून ठेवते.

आज बस्ता होता. लग्नाची कापडं दोन्हीकडच्यांनी मिळून घ्यायची. मेन रोडच्या दुकानात पांढऱ्या गादीवर सगळे बसलो. ते तिघं — आक्काबाई, सावळीराम, शेखर. आम्ही तिघं आणि वन्सं. दुकानदार साडीवर साडी उलगडत होता. आक्काबाईंना एक जांभळी पसंत पडली. मंजूला आरशापुढे उभं केलं, साडी अंगावर टाकली. आज गंगावन घट्ट बांधलं होतं, वन्संनीच.

दुकानदार म्हणाला, "डोक्यावरून घ्या ना ताई, काठ कसा दिसतो बघू."

आक्काबाईंनी स्वतः उठून तिच्या डोक्यावर पदर ओढला, कपाळापर्यंत. "असा. आमच्यात हा खाली येत नाही हं."

आरशात मंजू दिसत होती, तिच्या मागे मी. दोघींच्या डोक्यावर पदर. वन्सं हळूच माझ्या कानात, "बघ, किती शोभतं! बुधवारचं तेवढं पार पडू दे."

मंजूने आरशातून माझ्याकडे बघितलं. काही मागत नव्हती. तेच सोसवेना मला. मागणं सोडून दिलेली नजर होती ती.

मी उठले. आणि माझा पदर खाली घेतला.

हे म्हणाले, "अगं पदर!" त्यांना वाटलं घसरला.

मी आंबाडाही सोडला. आक्काबाईंसमोर गेले आणि मान खाली केली. दुकानात चांगला उजेड असतो.

"विहीणबाई, हे माझं डोकं बघा. मंजूचं इकडेच निघालंय. तेविसाव्या वर्षीच अर्ध्या वाटेत आहे. त्या दिवशीची वेणी विकतची होती."

वन्संनी दंडाला चिमटा घेतला. माझं तोंड काही थांबेना.

"हळदीत तुम्हाला दिसू नये म्हणून बुधवारी तिचं डोकं कोरून घेणार होतो आम्ही. डॉक्टरीण म्हणते वय नाही, उपयोग नाही, अंगात रक्त नाही. आम्ही तरी पैसे भरले. आता तुम्ही काय म्हणायचं ते म्हणा. पण पोरीच्या डोक्याला मी सुई लावू देणार नाही."

दुकानदार कापडाची घडी घालू लागला. सावळीराम भिंतीकडे वळून बसले, मला उघड्या डोक्याने बघायला नको म्हणून. शेखर मंजूकडे बघत होता आणि मंजू माझ्याकडे.

आक्काबाई म्हणाल्या, "झाका ते." आणि मग, "वाटलंच होतं मला. फुलवाल्याची पोर, बघायला बसते, आणि केसात एक फूल नाही."

जांभळी साडी खाली ठेवली. "ही बांधू नका रे," दुकानदाराला सांगितलं. तिघं उठून स्टँडकडे गेले.

घरी आल्यावर मंजूने गंगावन सोडलं आणि खुंटीला टांगलं. मग माझ्या मागे बसली, माझे सुटलेले केस घेतले आणि आंबाडा घालून दिला. सैल. ओढला नाही.

२० एप्रिल, बुधवार

दवाखान्यात गेलो नाही. भरलेले पैसे परत मिळत नाहीत म्हणे. हे माझ्या हातचं जेवतात, माझ्याशी बोलत नाहीत. चांदवडहून निरोप नाही.

२२ एप्रिल

नाही.

२५ एप्रिल, सोमवार

सकाळी वन्संचा फोन. ओरडतच होत्या, "हो म्हणाल्या! आक्काबाई हो म्हणाल्या! हळदीला मी एकटी न्हाऊ घालीन म्हणतात, दार लावून. फक्त बाहेर बोभाटा नको, पदर तेवढा सांभाळायचा." हे आठ दिवसांनी माझ्याशी बोलले — "पेढे आणतो."

मी देवापुढे हात जोडले. आज सोळावा सोमवार!

मागून मंजू म्हणाली, "त्यांनी हो म्हटलंय. मी कधी म्हटलंय?"

मी आठवत राहिले. फेब्रुवारीपासून या घरात सगळ्यांना सगळं विचारून झालं. डॉक्टरांना, गुरुजींना, वन्संना, देवीला. हिला नाही.

चूल पेटवली. बाजरीची भाकरी केली, मेथी परतली, वर तूप घातलं. नैवेद्य बाजूला काढला नाही. ताट तिच्यापुढे ठेवलं, समोर बसले. म्हटलं, आधी जेव. मग सांग.